समाजशास्त्र (कनिष्ठ महाविद्यालयीन विषय)

समाजशास्त्र हा महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत, म्हणजे इयत्ता अकरावी व बारावीच्या वर्गांत, मुख्यतः कला शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा वैकल्पिक विषय आहे. दहावीपर्यंतच्या शालेय अभ्यासक्रमात या नावाचा स्वतंत्र विषय नाही. इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांच्या ओघात समाजाविषयीची काही माहिती विद्यार्थ्यांना मिळालेली असते, परंतु समाज हाच अभ्यासविषय मानणाऱ्या शास्त्राशी त्यांची पहिली ओळख अकरावीत होते. अनेकांच्या बाबतीत ही ओळख दोन वर्षांपुरतीच राहते. पुढे विद्यापीठात वेगळा विषय निवडणाऱ्या किंवा बारावीनंतर शिक्षण थांबवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जात, कुटुंब, विवाह, स्थलांतर, बेकारी यांचा शास्त्रीय दृष्टीने विचार करण्याची औपचारिक संधी हीच असते.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ या विषयाची बारावीची परीक्षा घेते. पाठ्यपुस्तके पुण्याचे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, तयार करते.

पार्श्वभूमी

कोठारी आयोगाने (१९६४–६६) देशभर एकसमान शैक्षणिक रचना असावी अशी शिफारस केली आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती स्वीकारली. दहा वर्षांचे शालेय शिक्षण, दोन वर्षांचे उच्च माध्यमिक शिक्षण व तीन वर्षांचे पदवी शिक्षण अशी ही रचना होय. बोलण्यात तिला ‘दहा अधिक दोन अधिक तीन’ असे म्हटले जाते. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्याच वर्षी जुन्या पद्धतीतील अकरावीची शालान्त परीक्षाही झाल्याने दोन तुकड्या एकाच वेळी शाळेबाहेर पडल्या. त्यानंतर अकरावी व बारावीचे वर्ग ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नावाने सुरू झाले. त्यांपैकी काही वरिष्ठ महाविद्यालयांना, तर काही माध्यमिक शाळांना जोडलेले आहेत. काही स्वतंत्रपणेही चालतात.

या बदलाचा समाजशास्त्राच्या अध्यापनावर दूरगामी परिणाम झाला. जुन्या व्यवस्थेत शालान्त परीक्षेनंतरची वर्षे विद्यापीठाच्या अखत्यारीत होती आणि समाजशास्त्र हा महाविद्यालयाचाच विषय मानला जाई. नव्या व्यवस्थेत तो राज्य मंडळाच्या अखत्यारीत आला. त्यामुळे राज्यभर एकच अभ्यासक्रम, एकच पाठ्यपुस्तक व एकच प्रश्नपत्रिका ही पद्धत रूढ झाली. तालुक्याच्या गावी शिकणारा विद्यार्थी व मुंबईत शिकणारा विद्यार्थी एकच पुस्तक वाचू लागले. हा विषय ग्रामीण भागात व मराठी माध्यमात पोचला तो याच काळात. परीक्षेसाठी एकच प्रमाण उत्तर असावे ही अपेक्षाही याच व्यवस्थेबरोबर आली.

कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवण्यासाठी शिक्षकाकडे या विषयातील पदव्युत्तर पदवी व शिक्षणशास्त्राची पदवी (बी.एड.) असणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील समाजशास्त्राची परंपरा

अकरावीच्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य विचारवंतांबरोबर भारतीय समाजशास्त्रज्ञांचा परिचय करून दिलेला आहे. त्यांपैकी अनेकांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतातील या विषयाच्या सर्वांत जुन्या विद्यापीठीय विभागांत त्याची गणना होते. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख होते. १९२४ मध्ये ही जबाबदारी गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांच्याकडे आली.

घुर्ये यांचा जन्म मालवणचा. केंब्रिज येथे त्यांनी मानवशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जात व वंश यांवरील त्यांच्या ग्रंथात जातिव्यवस्थेची सहा वैशिष्ट्ये सांगितलेली आहेत: समाजाची खंडात्मक विभागणी, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारांवरील निर्बंध, विविध गटांची नागरी व धार्मिक असमर्थता आणि विशेषाधिकार, व्यवसायनिवडीवरील बंधने आणि विवाहावरील बंधने. कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थी जातीचा अभ्यास बहुधा याच सहा मुद्द्यांपासून सुरू करतात. आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागासलेले घटक आहेत, असे मत घुर्ये यांनी मांडले. त्यावरून व्हेरिअर एल्विन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला. भारतीय समाजशास्त्र परिषदेच्या स्थापनेतही (१९५१) घुर्ये यांचा पुढाकार होता.

म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास (१९१६–१९९९) व इरावती कर्वे (१९०५–१९७०) हे दोघेही घुर्ये यांचे विद्यार्थी. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचार, विधी व आहार स्वीकारून आपला दर्जा उंचावण्याचा प्रयत्न करतात, या प्रक्रियेला श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण असे नाव दिले. कूर्ग लोकांविषयीच्या १९५२ च्या ग्रंथातून ही संकल्पना सर्वत्र पोचली. संख्याबळ, जमीन व राजकीय सत्ता यांच्या जोरावर गावावर वर्चस्व राखणाऱ्या जातीसाठी त्यांनी ‘प्रबळ जात’ ही संकल्पनाही मांडली. म्हैसूरजवळील रामपुरा या गावी त्यांनी दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले होते. १९७० मध्ये अमेरिकेत त्यांच्या कार्यालयाला लागलेल्या आगीत त्या अभ्यासाची संस्कारित टिपणे जळाली, तेव्हा त्यांनी मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्या गावावरील ग्रंथ लिहिला. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे डॉक्टरेट मिळवली व पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात अध्यापन-संशोधन केले. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ चा आहे. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार आप्तसंबंध विभाग त्यांनी कल्पिले व महाराष्ट्राचा समावेश मध्य विभागात केला. उत्तरेत निषिद्ध असलेला मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक जातींत मान्य आहे आणि दक्षिणेत तर तो इष्ट मानला जातो. या एका उदाहरणावरून महाराष्ट्र हा दोन पद्धतींमधला प्रदेश कसा ठरतो, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येते. कर्वे यांनी मराठीतही विपुल लेखन केले. पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात, एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवणाच्या वेळी वेगळे होतात, ही गोष्ट त्यांनी नोंदवली आहे. सहभागी निरीक्षण म्हणजे काय, हे समजावण्यासाठी हा लेख आजही उपयोगी पडतो.

विद्यापीठीय समाजशास्त्र आकाराला येण्यापूर्वीही मराठीत समाजचिकित्सेची परंपरा होती. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३) व ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३), ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२), त्रिंबक नारायण आत्रे यांचे बलुतेदारी व ग्रामव्यवस्थेवरील ‘गावगाडा’ (१९१५) आणि विठ्ठल रामजी शिंदे यांचे ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) हे तिचे ठळक टप्पे होत. भीमराव रामजी आंबेडकर यांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे सारतत्त्व असल्याचे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. घुर्ये यांच्या ग्रंथापूर्वी सोळा वर्षे केलेली ही मांडणी आहे.

अभ्यासक्रम

सध्याची पाठ्यपुस्तके अकरावीसाठी २०१९ पासून व बारावीसाठी २०२० पासून लागू झाली. अकरावीत विषयाच्या मूलभूत संकल्पना येतात. बारावीत त्या संकल्पनांच्या आधारे भारतीय समाजाचा अभ्यास केला जातो.

इयत्ता अकरावी

अकरावीच्या पुस्तकात आठ प्रकरणे आहेत: समाजशास्त्राचा परिचय, पाश्चात्त्य व भारतीय समाजशास्त्रज्ञांचे योगदान, मूलभूत संकल्पना, सामाजिक संस्था, संस्कृती, सामाजीकरण, सामाजिक स्तरीकरण आणि सामाजिक परिवर्तन.

पाश्चात्त्य विचारवंतांमध्ये ऑगस्ट कोम्त, एमिल द्युर्केम व कार्ल मार्क्स यांचा समावेश होतो. ‘समाजशास्त्र’ या अर्थाची संज्ञा प्रचारात आणणारा विचारवंत म्हणून कोम्तचे नाव घेतले जाते. मानवी विचार धार्मिक, तात्त्विक व वैज्ञानिक अशा तीन अवस्थांतून जातो, हा त्याचा सिद्धांत विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. द्युर्केमने आत्महत्येसारख्या अत्यंत वैयक्तिक वाटणाऱ्या कृतीचाही समाजशास्त्रीय अभ्यास करता येतो, हे १८९७ च्या ग्रंथात दाखवून दिले. एका माणसाने जीवन का संपवले, हा त्याचा प्रश्न नव्हता. एखाद्या समाजात आत्महत्येचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास स्थिर का राहते आणि दुसऱ्या समाजात ते वेगळे का असते, हे त्याला जाणून घ्यायचे होते. हा फरक समजला की समाजशास्त्राची दृष्टी बऱ्याच अंशी समजली, असे म्हणता येईल. मार्क्सच्या विचारांतून वर्ग, उत्पादनसाधनांची मालकी व वर्गसंघर्ष या संकल्पनांचा परिचय होतो.

इयत्ता बारावी

बारावीच्या पुस्तकात सहा प्रकरणे आहेत. भारतीय समाजाचा ऐतिहासिक परिचय झाल्यावर आदिवासी, ग्रामीण व नागरी या तीन समाजघटकांचा विचार होतो. त्यानंतर विविधता व एकता, सामाजिक परिवर्तनाच्या प्रक्रिया, सामाजिक चळवळी आणि सामाजिक समस्या ही प्रकरणे येतात. परिवर्तनाच्या प्रक्रियांत औद्योगिकीकरण, नागरीकरण, आधुनिकीकरण, जागतिकीकरण व अंकीकरण यांचा समावेश आहे. चळवळींमध्ये स्त्रियांची, कामगारांची, शेतकऱ्यांची व पर्यावरणाची चळवळ अभ्यासली जाते. समस्यांच्या प्रकरणात वार्धक्य, बेरोजगारी, शेतकरी आत्महत्या, कौटुंबिक हिंसाचार व व्यसनाधीनता हे घटक आहेत.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला यांपैकी बहुतेक घटकांची उदाहरणे आपल्या परिसरात सापडतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती व त्यांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक लोक नागरी भागात राहत होते. अनुसूचित जमातींचे प्रमाण ९ टक्क्यांहून थोडे अधिक होते. आदिवासी, ग्रामीण व नागरी असे तिन्ही समाज या एका राज्यात मोठ्या संख्येने आहेत. काही विद्यार्थ्यांच्या तर एकाच कुटुंबात आजोबा गावी शेती करणारे, वडील शहरातील कारखान्यात काम करणारे व स्वतः विद्यार्थी ऑनलाइन व्यवहार करणारा, अशा तीन पिढ्यांत या प्रक्रिया पाहायला मिळतात.

परिभाषेचा प्रश्न

समाजशास्त्राच्या पारिभाषिक संज्ञा बहुतांशी रोजच्या वापरातील मराठी शब्दांनीच घडलेल्या आहेत. रसायनशास्त्रातील किंवा गणितातील संज्ञा विद्यार्थ्याला प्रथमदर्शनीच अपरिचित वाटतात व म्हणून तो त्यांची व्याख्या लक्षपूर्वक पाहतो. समाजशास्त्रात याउलट घडते. शब्द ओळखीचा असल्याने अर्थही ठाऊक आहे असे वाटते आणि चूक तेथेच होते. याची काही ठळक उदाहरणे पुढीलप्रमाणे:

समाज: व्यवहारात ‘आमचा समाज’ किंवा ‘अमुक समाजाचा मेळावा’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बहुधा जात असते. समाजशास्त्रात मात्र समाज म्हणजे सामाजिक संबंधांची व्यापक व्यवस्था होय. एकाच शब्दाने जात व समाज या दोन्हींचा निर्देश व्हावा, ही बाब स्वतःच समाजशास्त्रीय विचाराचा विषय आहे.

संस्था: व्यवहारात सहकारी संस्था, शिक्षणसंस्था, सेवाभावी संस्था असा शब्दप्रयोग होतो. शास्त्रात विवाह, कुटुंब, धर्म, शिक्षण अशा समाजमान्य कार्यपद्धतींच्या व्यवस्थेस सामाजिक संस्था म्हणतात. विशिष्ट उद्दिष्टासाठी स्थापन झालेल्या, सभासद असलेल्या संघटनेसाठी ‘मंडळ’ ही वेगळी संज्ञा आहे. महाविद्यालय चालवणारी शिक्षणसंस्था या अर्थाने ‘मंडळ’ ठरते आणि शिक्षण ही ‘संस्था’ ठरते.

संस्कृती: ‘सुसंस्कृत’ या अर्थच्छटेमुळे संस्कृती म्हणजे काहीतरी उच्च, असा समज असतो. समाजशास्त्रात मानवाने निर्माण केलेली व सामाजीकरणातून पुढच्या पिढीकडे जाणारी समग्र जीवनपद्धती म्हणजे संस्कृती. त्यामुळे असंस्कृत समाज असा प्रकार शास्त्रात संभवत नाही.

दर्जा व भूमिका: दर्जा हा शब्द व्यवहारात गुणवत्तेसाठी येतो, तर शास्त्रात तो समाजातील स्थानासाठी येतो. जन्माने मिळणारा अर्पित दर्जा व प्रयत्नाने मिळवलेला अर्जित दर्जा हा भेद या विषयातील पायाभूत भेदांपैकी एक आहे.

लोकरीती व लोकनीती: लोकरीतीचा भंग झाल्यास टीका किंवा थट्टा होते, तर लोकनीतीचा भंग समाजाला असह्य वाटतो. पाहुण्याला चहा न विचारणे व जातीबाहेर विवाह करणे या दोन गोष्टींवर एखाद्या गावात उमटणाऱ्या प्रतिक्रियांची तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो.

पुढे विद्यापीठात इंग्रजी ग्रंथ वाचताना मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना या संज्ञांचा मेळ पुन्हा घालावा लागतो. निरनिराळ्या मराठी पुस्तकांत एकाच इंग्रजी संज्ञेला वेगवेगळे प्रतिशब्द असल्यामुळे ही अडचण वाढते. दुसरीकडे गावकी, भावकी, सोयरीक, बलुतेदारी, वाळीत टाकणे असे शब्द मराठीत आहेत. त्यांमागचे सामाजिक वास्तव परभाषेतील एका शब्दात सहसा मावत नाही. अशा शब्दांपासून सुरुवात करून संकल्पनेकडे जाणे हा अध्यापनाचा एक परिणामकारक मार्ग आहे.

मूल्यमापन व प्रकल्प

बारावीला समाजशास्त्रासाठी १०० गुण असून त्यांपैकी ८० गुण लेखी परीक्षेसाठी व २० गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी असतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान ३५ टक्के गुण आवश्यक असतात. लेखी परीक्षेत योग्य पर्याय निवडणे, चुकीची जोडी दुरुस्त करणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे, टिपा लिहिणे, फरक स्पष्ट करणे, विधान चूक की बरोबर ते सकारण सांगणे व स्वतःचे मत मांडणे असे विविध प्रकारचे प्रश्न असतात. कोविड महासाथीमुळे २०२१ ची बारावीची परीक्षा रद्द झाली होती. त्या वर्षीचे निकाल पर्यायी सूत्रानुसार लावण्यात आले.

अंतर्गत मूल्यमापनात प्रकल्पाला महत्त्व आहे. कुटुंबातील तीन पिढ्यांच्या शिक्षणाची व व्यवसायांची तुलना, गावच्या आठवडी बाजाराचे निरीक्षण, वस्तीतील स्थलांतरितांच्या मुलाखती, विवाहाच्या निमंत्रणपत्रिकांत काळानुसार झालेले बदल अशा विषयांसाठी खर्च लागत नाही व विशेष साधनेही लागत नाहीत. लहान प्रकल्पातही संशोधनाचे पुढील टप्पे पाळता येतात:

१. प्रश्न निश्चित करणे. ‘बेकारी’ हा विषय झाला. ‘आमच्या गावातील पदवीधर मुलींपैकी किती जणी अर्थार्जन करतात व उरलेल्या का करत नाहीत?’ हा प्रश्न झाला.

२. माहिती कोणाकडून घ्यायची ते ठरवणे. केवळ ओळखीच्या घरांतून माहिती गोळा केल्यास ती बहुधा एकाच आळीची, म्हणजे अनेकदा एकाच जातीची, माहिती ठरते.

३. तंत्र निवडणे. प्रश्नावली उत्तरदाता स्वतः भरतो. मुलाखत-अनुसूची संशोधक विचारून भरतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या उत्तरदात्यांसाठी दुसरी पद्धत योग्य होय.

४. उत्तरदात्याची संमती घेणे व त्याचे नाव गुप्त ठेवणे. लहान गावात नाव न लिहिताही ‘वेशीजवळील घरातील विधवा’ एवढ्या उल्लेखाने व्यक्ती ओळखता येते, हे ध्यानात ठेवावे लागते.

५. निष्कर्ष माहितीपुरताच काढणे. वीस घरांच्या पाहणीवरून ‘भारतीय समाजात’ अशी सुरुवात करता येत नाही.

व्यवहारात मात्र तयार प्रकल्प विकत आणणे किंवा मागील वर्षीचा प्रकल्प उतरवून काढणे हे प्रकार आढळतात. मोठ्या तुकड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्याकडे लक्ष देणे शिक्षकालाही अवघड जाते.

पाठ्यपुस्तकांविषयीचे वाद

समाजशास्त्राचे पाठ्यपुस्तक समाजाचे वर्णन करते, परंतु ते वर्णन कोणत्या स्थानावरून केलेले आहे हा प्रश्न वेळोवेळी उपस्थित झाला आहे. याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण फेब्रुवारी २०१७ मधील आहे. तेव्हा बारावीला लागू असलेल्या पुस्तकात सामाजिक समस्यांच्या प्रकरणात हुंड्याची कारणे दिलेली होती. त्यांत मुलीचे ‘कुरूप’ असणे व तिला अपंगत्व असणे यांचा अंतर्भाव होता. अशा मुलींचे विवाह जमणे कठीण असल्याने वरपक्ष अधिक हुंडा मागतो, अशा आशयाचे ते विवेचन होते. वृत्तपत्रांतून ही बाब प्रसिद्ध होताच राज्यात व देशभर टीका झाली. तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी तो मजकूर वगळण्यात येईल असे सांगितले. २०२० पासून लागू झालेल्या पुस्तकात सामाजिक समस्यांच्या प्रकरणाची मांडणी नव्याने झाली.

या वादाला शास्त्रीय बाजूही आहे. हुंडा मागताना मुलीच्या रूपाचा हिशेब केला जातो, हे निरीक्षण म्हणून कोणी नोंदवू शकेल. परंतु ज्या व्यवस्थेत स्त्रीच्या रूपाची किंमत ठरते ती व्यवस्था बाजूला ठेवून रूपालाच ‘कारण’ म्हटले, तर दोष पीडितेवर येतो. समर्थन म्हणून दिलेले निमित्त व सामाजिक कारण यांतील फरक दाखवणे हेच समाजशास्त्राचे काम आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा देणे-घेणे हा गुन्हा आहे, याचीही आठवण चर्चेत दिली गेली. हे पुस्तक वाचणाऱ्यांत विवाहाचे वय जवळ आलेल्या हजारो मुली होत्या. त्यामुळे हा प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नव्हता.

केंद्रीय स्तरावरील पुस्तकांबाबतही वाद झाले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचे सुसूत्रीकरण करताना समाजशास्त्राच्या पुस्तकांतील काही भाग वगळले. त्यांत २००२ च्या गुजरात दंगलींचे संदर्भ होते. महासाथीनंतर विद्यार्थ्यांवरील भार कमी करणे हा हेतू असल्याचे परिषदेने सांगितले, तर विषयाच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी या निवडीवर आक्षेप घेतला.

संवेदनशील घटकांचे अध्यापन

बारावीच्या अभ्यासक्रमातील काही घटक विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोचणारे आहेत. कौटुंबिक हिंसाचार व व्यसनाधीनता हे त्यांतलेच. शेतकरी आत्महत्या हा घटक महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत शेतीक्षेत्रातील आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र अनेक वर्षे देशात पहिल्या स्थानी राहिला आहे. विदर्भ व मराठवाडा या भागांत हे प्रमाण अधिक आढळते. तेथील वर्गांत हा पाठ शिकवला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांत अशा कुटुंबांतील मुले असू शकतात.

पाठ्यपुस्तकात कर्जबाजारीपणा, पावसाची अनिश्चितता, शेतमालाचे भाव इत्यादी कारणांची चर्चा असते. अकरावीत शिकलेला द्युर्केम येथे उपयोगी पडतो. एखाद्या प्रदेशात एका व्यवसायातील माणसे सातत्याने जीवन संपवत असतील, तर ते केवळ त्या व्यक्तींच्या मनोधैर्याचे प्रश्न राहत नाहीत. या घटकातून आकडेवारी कशी तयार होते, हेही शिकता येते. राष्ट्रीय अहवालांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या १९९५ पासून वेगळ्या दाखवल्या जातात आणि २०१४ पासून शेतमजुरांची गणना स्वतंत्रपणे होते. राज्य शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रत्येक प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवले जाते. त्यासाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन असणे व परतफेड न होऊ शकलेले कर्ज असणे हे निकष पाहिले जातात. सातबारा उताऱ्यावर नाव नसलेला, तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी या निकषांत सहजी बसत नाही. शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नावे बहुधा जमीन नसल्याने तिची गणना शेतकरी म्हणून क्वचितच होते. ‘शेतकरी कोण?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कामासाठी विचारले आहे यावर अवलंबून असते, हा धडा विद्यार्थ्यांना येथे मिळतो.

जातीविषयक पाठांनाही हेच लागू पडते. घुर्ये यांचे सहा मुद्दे पाठ करणाऱ्या वर्गात त्या निर्बंधांचा अनुभव घेतलेले विद्यार्थी असतात, तसेच जात आता उरलेली नाही असे मानणारेही असतात. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्रीय ज्ञानाचा स्रोत मानून त्यांचा अभ्यास केला. जात व लिंगभाव यांचे अध्यापन कसे व्हावे, हाही त्यांच्या लेखनाचा विषय होता. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये मंजूर होऊन २०१७ मध्ये अंमलात आला. जातपंचायतींकडून वाळीत टाकण्याचे प्रकार चालू असल्याची ती एक प्रकारे अधिकृत कबुलीच होय.

अन्य मंडळांतील समाजशास्त्र

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीसाठी राष्ट्रीय परिषदेची प्रत्येकी दोन पुस्तके आहेत. अकरावीला समाजशास्त्राचा परिचय व समाजाचे आकलन हे विषय असतात. बारावीला भारतीय समाज आणि भारतातील सामाजिक बदल व विकास हे विषय असतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तयार झालेल्या या पुस्तकांत वृत्तपत्रीय कात्रणे, कृती व चर्चाप्रश्न यांवर भर आहे. गोव्यात अकरावी-बारावीचे वर्ग प्रामुख्याने उच्च माध्यमिक विद्यालयांत भरतात.

इंग्लंडमध्ये विद्यापीठपूर्व दोन वर्षांत ‘ए लेव्हल’ अभ्यासक्रमांतर्गत समाजशास्त्र शिकता येते. तेथे विद्यार्थी साधारणतः तीनच विषय निवडतो. त्यामुळे एका विषयाला मिळणारा वेळ बराच अधिक असतो. एका प्रमुख परीक्षा मंडळाच्या रचनेत प्रत्येकी दोन तासांच्या व ८० गुणांच्या तीन प्रश्नपत्रिका असून शिक्षण, गुन्हा व विचलन, सिद्धांत व संशोधनपद्धती यांवर भर असतो. दीर्घ निबंधात परस्परविरोधी सिद्धांतांचे मूल्यमापन करणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात सहा विषयांच्या भारात संकल्पनांच्या व्याख्यांना व मुद्द्यांना अधिक महत्त्व येते. याउलट समाजघटक, सामाजिक चळवळी व समस्या यांची व्याप्ती महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात मोठी आहे.

पुढील शिक्षण व उपयोग

बारावीनंतर समाजशास्त्र घेऊन कला शाखेची पदवी घेता येते. त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय घेतलेला असणे सामान्यतः सक्तीचे नसते. समाजकार्य, विधी, पत्रकारिता, ग्रामविकास व लोकसंख्या अभ्यास या क्षेत्रांकडे जाणाऱ्यांना या विषयाची पार्श्वभूमी उपयोगी पडते. समाजकार्याच्या शिक्षणासाठी १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेली व आज टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था देशातील अग्रगण्य संस्थांपैकी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक व वैकल्पिक विषयांसह घेण्याचे ठरल्याने स्पर्धा परीक्षार्थींमध्ये या विषयाबद्दलची उत्सुकता वाढली आहे.

शालेय शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांपुढे मात्र एक अडचण येते. दहावीपर्यंत समाजशास्त्र हा विषयच नसल्याने या विषयाच्या पदवीधरास माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोलासारखी थेट संधी मिळत नाही. कनिष्ठ महाविद्यालयांतील पदेही विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असतात.

विषयाचे स्थान

विज्ञान व वाणिज्य शाखांच्या तुलनेत कला शाखेला दुय्यम मानण्याची प्रवृत्ती समाजात आहे. कला शाखेतही समाजशास्त्राला ‘सोपा विषय’ समजून निवडणारे विद्यार्थी बरेच असतात. भाषा परिचित, गणित नाही व उदाहरणे अवतीभवतीची, ही या समजुतीची कारणे होत. तथापि आपण ज्यात वाढलो ते कुटुंब, ती जात व ते गाव यांकडे अभ्यासक म्हणून पाहणे, हे या विषयाचे खरे अवघड काम आहे. ‘असेच असते’ असे ज्या गोष्टीबद्दल लहानपणापासून ऐकले, ती तशी का आहे, कोणाच्या सोयीची आहे व इतरत्र ती वेगळी का आहे, हे प्रश्न विचारण्याची सवय दोन वर्षांत लागली, तर विषयाचा हेतू बऱ्याच अंशी साध्य होतो. केवळ व्याख्या पाठ करूनही परीक्षा उत्तीर्ण होता येते. शिक्षक, पाठ्यपुस्तक व प्रश्नपत्रिका या तिन्हींनी उदाहरणांना व कारणमीमांसेला किती वाव दिला, यावर विद्यार्थ्याच्या हाती यांपैकी काय लागते ते अवलंबून असते.

हेही पहा

समाजशास्त्र
गोविंद सदाशिव घुर्ये
इरावती कर्वे
म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास
गावगाडा (पुस्तक)
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
बालभारती